टोपीचें जुनें पिस्तूल आणि शेतकरी

परभणी जिल्ह्यांतील पोखर्णीसारख्या काळ्या जमिनीच्या गांवीं ज्वारी व हरभरा हातीं येण्याच्या सुमारास रोही व रानडुकरें यांचा उपद्रव कोणास नवा नाहीं. अशा वेळीं जुन्या पेटींत वाडवडिलांपासून पडून असलेलें टोपीचें पिस्तूल दुरुस्त करून वापरावें, असा विचार एखाद्याच्या मनांत येतो. म्हणून या शस्त्राची रचना, त्यांतील धोके व त्यासंबंधींचा कायदा येथें थोडक्यांत सांगितला आहे.

ठासणीच्या शस्त्रांत नळीच्या तोंडांतून प्रथम काळी दारू व मग गोळी घालून गजानें ठासतात. पूर्वीं चकमकीच्या ठिणगीनें बाहेरचें रंजक पेटे व त्याची आग आंत जाई. हें रंजक पावसांत भिजे आणि त्याचा भडका पाहून पांखरें उडून जात. या अडचणीवर अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकानें आघातानें पेटणारें मिश्रण योजून १८०७ सालीं पेटंट घेतलें. पुढें तांब्याची टोपी निघाली. ती नळीच्या बुडाजवळील पोकळ खुंटीवर बसवितात. घोडा तिजवर आपटतांच ज्वाला खुंटीच्या छिद्रांतून दारूस पोहोंचते.

असें पिस्तूल हातीं येतांच तें भरलेलेंच आहे असें समजावें. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनींही पेट घेते. खुंटीवर टोपी नाहीं एवढ्यावरून नळी रिकामी ठरत नाहीं. तोंड कोणाकडेही न रोखतां लांकडी काठी आंत टेंकेपर्यंत सोडावी, तोंडाशीं खूण करावी व तीच काठी बाहेरून नळीस लावून पाहावी. टोंक खुंटीपर्यंत न पोहोंचतां अलीकडेच राहिलें, तर आंत बार आहे असें मानावें. तो स्वतः उकरूं नये.

दुसरा धोका झिजेचा. काळ्या दारूची राख हवेंतील ओल शोषते. त्यामुळें न धुतलेली नळी आंतून गंजून कमकुवत होते. खुंटीचें छिद्र रुंदावल्यास ज्वाला उलट तोंडावर येते. घोडा अर्ध्यावर अडकविणारी खांच झिजल्यास चाप न ओढतांही बार उडतो. वरून तेल लावल्यानें यांपैकीं एकही दोष जात नाहीं. हें काम परवानाधारक कारागिराचेंच होय. परवान्यावांचून शस्त्र दुरुस्त करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ ची मनाई आहे.

परवान्याचें व तपासलेलें शस्त्र झाडतांनाही कांहीं नियम अवश्य पाळावे. दारू काळीच असावी. काडतुसांतील बिनधुराची दारू घातल्यास नळी फुटते. गोळी दारूवर पक्की टेंकलेली असावी, मध्यें पोकळी नसावी. टोपी सर्वांत शेवटीं बसवावी. बार न उडाल्यास निदान एक मिनिट नळी निर्धोक दिशेस धरून थांबावें. शेवटीं नळी कढत पाण्यानें धुवावी व पुरती कोरडी करून तेल द्यावें.

“जुन्यास परवाना कशाला?” हा समज मात्र घातक आहे. कलम ४५ ची सूट, जें जुनें शस्त्र दुरुस्त करूनही चालणार नाहीं, त्यासच आहे. दुरुस्त होऊं शकणारें पिस्तूल कायद्याच्या दृष्टीनें शस्त्रच. तें दुरुस्तीस नेण्यापूर्वीं पोलीस ठाण्यास कळवावें. पीकरक्षणाकरितां कलम १३ मध्यें ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, पिस्तुलाची नाहीं. शिवाय आखूड नळीचा नेम दूरवर धड लागत नाहीं, आणि जखमी रानडुक्कर माणसावर उलटतें. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगीही नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें पिकाची नासाडी करणारें जनावर मारण्यास अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो.

तात्पर्य, पूर्वजांची आठवण म्हणून अशा पिस्तुलाचें मोल कितीही असो, राखणीस तें निरुपयोगी आहे. ज्यास बंदूक खरोखरच हवी, त्यानें ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याकरितां रीतसर अर्ज करावा. एका हंगामाचें पीक गेलें तर पुढील हंगामीं भरून काढतां येतें. गेलेला हात किंवा डोळा परत येत नाहीं.