‘सांगत्ये ऐका’ आणि ‘भूमिका’ : दिवंगत अभिनेत्रीच्या प्रतिमेचा ताबा

हंसा वाडकर यांचे २३ ऑगस्ट १९७१ रोजी निधन झाले. ‘सांगत्ये ऐका’ हे त्यांचे आत्मकथन राजहंस प्रकाशनाने त्याच्या आदल्याच वर्षी, १९७० मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होते. आणि त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९७७ मध्ये, त्या आत्मकथनावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. आज पदव्युत्तर वर्गात हंसा वाडकर हे नाव उच्चारले की ‘संत सखू’ (१९४१) किंवा ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) यांतील अभिनेत्री सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. येतो तो स्मिता पाटील यांचा चेहरा. एका अभिनेत्रीचे आयुष्य दुसऱ्या अभिनेत्रीच्या चेहऱ्याने स्मरणात राहावे, ही गोष्ट केवळ चित्रपटाच्या इतिहासकाराची नव्हे, तर आत्मचरित्राच्या अभ्यासकाचीही आहे. दिवंगत कलावंताच्या प्रतिमेवर ताबा कोणाचा असतो, आणि त्या कलावंताने स्वतः सांगून ठेवलेल्या शब्दाला त्यात कोणते स्थान उरते, हा प्रश्न मराठीत ज्या एका पुस्तकाच्या निमित्ताने सर्वांत स्पष्टपणे विचारता येतो ते ‘सांगत्ये ऐका’ होय.

मुळात हंसा वाडकर हे नावच चित्रपटाने घडविलेले आहे. कलावंतिणींची परंपरा असलेल्या घरात १९२३ मध्ये जन्मलेली रतन साळगावकर ही मुलगी ‘विजयाची लग्ने’ (१९३६) या चित्रपटापासून हंसा वाडकर झाली, ती घरातील मिळकतीची गरज भागविण्यासाठी. पुढे बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’ (१९३९), प्रभातचा ‘संत सखू’, राजकमलचा ‘रामजोशी’ असा तिचा प्रवास झाला. त्या काळातील चित्रसंस्थांमध्ये कलावंत पगारावर असे आणि त्याचे नाव, वेश, जाहिरातीतील छायाचित्र या सर्व बाबी संस्थेच्या हाती असत. त्यामुळे हंसाबाईंची जी प्रतिमा प्रेक्षकांपर्यंत पोहोचली ती परस्परांशी न जुळणाऱ्या दोन साच्यांतून पोहोचली. सासुरवास सोसणारी विठ्ठलभक्त सखू हा एक साचा आणि लावणी गाणारी, शाहिराला भुरळ घालणारी बया हा दुसरा. मराठी प्रेक्षकाने हे दोन्ही साचे मनापासून स्वीकारले. त्यांच्यामागे असलेल्या, घर चालविणाऱ्या बाईविषयी त्याला काही विचारावेसे वाटले असेल, असे म्हणण्यास आधार नाही.

या पार्श्वभूमीवर पुस्तकाच्या शीर्षकाकडे पाहावे लागते. ते १९५९ मध्ये प्रदर्शित झालेल्या अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटाकडून आले आहे. पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चाललेला हा चित्रपट सामान्य प्रेक्षकाच्या आठवणीत आहे तो वसंत पवार यांच्या संगीतासाठी, आशा भोसले यांनी गायिलेल्या ‘बुगडी माझी सांडली गं’ या लावणीसाठी आणि जयश्री गडकर यांच्या उदयासाठी. हंसाबाई त्यात आईच्या भूमिकेत आहेत. गावच्या पाटलाच्या अत्याचाराला बळी पडलेली ही स्त्री मुलीला जन्म देऊन मरण पावते. मुलगी तमाशाच्या फडात वाढते आणि अखेर तमाशाच्या बोर्डावरूनच पाटलाचे दुष्कृत्य गावासमोर मांडते. म्हणजे ज्या कथेत ‘सांगत्ये, ऐका’ असे म्हणण्याचा मान मुलीचा आहे, त्या कथेत हंसाबाईंच्या वाट्याला मृत्यू आणि मौन आले होते. अकरा वर्षांनी तेच शब्द त्यांच्या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर आले तेव्हा सांगण्याची कृती दुसऱ्या पिढीकडून मूळ पीडितेकडे परत आली. शीर्षकामागे हा विचार होता की केवळ गाजलेल्या नावाचा उपयोग करून घेण्याची व्यावसायिक दृष्टी, हा प्रश्न येथे गौण आहे. वाचनात मात्र हा अर्थ सिद्ध होतो. ‘सांगत्ये’ हे स्त्रीच्या बोलण्यातील क्रियारूपही दुर्लक्षिण्यासारखे नाही. ‘सांगते’ या प्रमाण रूपाहून ते वेगळे ऐकू येते, आणि आत लिहिलेले नव्हे, बोललेले काही आहे, अशी खूण वाचकाला पहिल्याच शब्दात मिळते.

मराठीतील अभिनेत्रींच्या आत्मचरित्रांत पडद्यावरील शब्द असा उसना घेण्याची रीत इतरत्रही दिसते. शांता हुबळीकर यांनी ‘माणूस’ (१९३९) मधील स्वतःच्या गाण्याचेच शब्द घेऊन आपल्या आत्मचरित्राला ‘कशाला उद्याची बात’ असे नाव दिले. याउलट दुर्गा खोटे यांचे ‘मी दुर्गा खोटे’ कोणत्याही भूमिकेचा आधार न घेता केवळ नावाच्या बळावर उभे राहते. तो आत्मविश्वास सामाजिक प्रतिष्ठेतून आलेला आहे, हे मान्य करावयास हवे. जिला नावच चित्रपटाने दिले तिला स्वतःची ओळख करून देण्यासाठीही चित्रपटाकडेच जावे लागले.

परंतु पुस्तकातील आवाज सर्वस्वी हंसाबाईंचा आहे काय? हे आत्मकथन त्यांनी सांगितले आणि अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले. श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’मधून ते आधी क्रमशः प्रसिद्ध झाले. सांगणारी चाळिशी ओलांडलेली, व्यवसायातील उमेदीचा काळ मागे टाकलेली अभिनेत्री. ऐकणारा तिशीही न गाठलेला पत्रकार, ज्याची ‘मुंबई दिनांक’ (१९७२) ही कादंबरी अद्याप यावयाची होती. पुस्तकातील आटोपशीर वाक्ये, प्रसंगातून प्रसंगात जाण्याची घाई, आत्मसमर्थन टाळणारा कोरडेपणा यांपैकी किती हंसाबाईंचे आणि किती साधूंचे, हे निश्चित करण्याचे साधन मुद्रित संहितेत नाही. येथे समीक्षेने दोन टोके टाळली पाहिजेत. शब्दांकन आहे म्हणून आत्मकथनाचा अस्सलपणा नाकारणे हे एक टोक, आणि शब्दांकनकार पारदर्शक काचेसारखा आहे असे मानून त्याला विसरणे हे दुसरे. साधूंनी कादंबरीकाराचा मोह आवरला आहे, एवढे निःशंकपणे म्हणता येते. मद्यपानाविषयी, गर्भपाताविषयी, अनेक पुरुषांशी आलेल्या संबंधांविषयी पुस्तक बोलते, तेव्हा त्यात कबुलीजबाबाचा सूर नाही आणि धीटपणाचे प्रदर्शनही नाही. १९७० च्या मराठी वाचकाला ज्या गोष्टींनी धक्का दिला त्या सांगताना निवेदिकेचा आवाज मुळीच चढत नाही.

निवेदिकेला सर्वांत अधिक काय हवे होते, याचे पुस्तकातील उत्तर आजच्या स्त्रीवादी वाचकाला काहीसे अडचणीत टाकणारे आहे. तिला घर हवे होते. अल्पवयात जगन्नाथ बांदरकर यांच्याशी विवाह झाल्यावर चित्रपट सोडून संसार करावा ही तिची इच्छा होती. मिळकत थांबू नये ही गरज इतरांची होती. एका पुरुषाबरोबर ती मराठवाड्यातील दूरच्या गावी निघून गेली आणि त्याची तिसरी पत्नी म्हणून सुमारे तीन वर्षे राहिली, तेही या इच्छेपासून सुटून नव्हे, तर तिच्याच ओढीने. तेथे घर मिळाले आणि उंबऱ्याबाहेर पडण्याची मुभा गेली.

‘भूमिका’ने या सामग्रीचे काय केले? बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांच्या पटकथेने नावे बदलली. रतनची उषा झाली, पडद्यावरील हंसाची उर्वशी झाली. पती केशव दळवी (अमोल पालेकर) आणि जमीनदार विनायक काळे (अमरीश पुरी) ही पात्रे उभी राहिली. पटकथेला आणि स्मिता पाटील यांच्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार लाभले, आणि ते सर्वथा योग्य होते. जुन्या चित्रपटांच्या शैलींचे जे अनुकरण या चित्रपटात आहे ते हिंदी चित्रपटाचा चालताबोलता इतिहास म्हणावे असे आहे. काळे यांच्या वाड्यातील भागात, अंथरुणाला खिळलेली पहिली पत्नी आणि घराबाहेर पाऊल टाकू न शकणारी उषा यांना एका चौकटीत आणून, पुस्तकात त्रोटकपणे सांगितलेला अनुभव चित्रपट अधिक खोल करतो. या ठिकाणी रूपांतर मूळ संहितेच्या पुढे गेले आहे.

असे असूनही दोन्ही कृतींचा रोख भिन्न आहे. चित्रपटाने उषेचे आयुष्य पुरुषांच्या क्रमाने रचले: पती, सहअभिनेता, दिग्दर्शक, जमीनदार. प्रत्येक नात्यातून बाहेर पडणारी उषा अखेरीस मुलीचा आधारही नाकारते आणि हॉटेलच्या खोलीत एकटी राहते. ही स्वत्वाच्या शोधाची कथा झाली. सत्तरच्या दशकातील सुशिक्षित प्रेक्षकाला ती ओळखीची होती आणि हवीही होती. पुस्तकातील हंसाबाई शोध घेत असल्याचे कोठेही म्हणत नाहीत. त्या काम करतात, पैसे मिळवितात, फसतात, परत काम करतात. स्टुडिओ, करार, सहकलाकार, चित्रीकरणाचे दिवस यांनी पुस्तकाची बरीच पाने व्यापली आहेत. चित्रपटात हे जग मुख्यतः दृश्यसौंदर्याची पार्श्वभूमी बनते. कष्टकरी स्त्रीचे कथन मनस्विनीच्या कथेत रूपांतरित झाले, असे थोडक्यात म्हणता येईल.

एक वगळणूक विशेष लक्षणीय आहे. मराठवाड्यातून सुटका होताना कायदेशीर सोपस्कारांच्या निमित्ताने एका दंडाधिकाऱ्यानेच आपल्यावर अत्याचार केला, असे हंसाबाई सांगतात. चित्रपटात पोलीस येतात, उषा बाहेर पडते, परंतु हा प्रसंग नाही. प्रियकर, पती, जमीनदार हे सर्व खासगी पुरुष. दंडाधिकारी हा शासनाचा प्रतिनिधी. त्याला वगळल्याने अन्यायाचे क्षेत्र घर आणि प्रेमसंबंध एवढेच उरले. ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटात पाटलाला भर सभेत उघडे पाडले जाते. कलात्मक चित्रपटाने मात्र या एका अधिकाऱ्याला सोडून दिले.

या रूपांतराने हंसा वाडकर यांना विस्मृतीतून वाचविले, हे निर्विवाद आहे. सूझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचे जे इंग्रजी संकलन सिद्ध केले, त्याच्या १९९३ मधील दुसऱ्या खंडात हंसाबाईंना स्थान मिळाले. पुढे जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला. त्याचे नाव ‘यू आस्क, आय टेल’, म्हणजे ‘तुम्ही विचारता, मी सांगते’, असे आहे. मूळ शीर्षकात विचारणारा कोणी नाही. तेथे निवेदिका न विचारता सांगते आणि ऐकण्याची आज्ञा करते. अनुवादाच्या शीर्षकात प्रश्नकर्ता आधी आला आणि सांगणे हे उत्तर झाले. शब्दांकनाची प्रक्रिया त्यामुळे अधिक प्रामाणिकपणे उघड झाली, असेही म्हणता येईल. परंतु आज्ञार्थ गेला.

दिवंगत कलावंताच्या प्रतिमेचे रक्षण कायद्याने करावे, असे अलीकडे वारंवार म्हटले जाते. कॅलिफोर्नियात १९८५ पासून मृत व्यक्तीच्या नावाचा आणि चेहऱ्याचा व्यापारी उपयोग हा वारसांच्या संमतीचा विषय आहे. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. सुशांतसिंह राजपूत यांच्यावर आधारलेल्या चित्रपटाविरुद्ध त्यांच्या वडिलांनी लावलेल्या दाव्यात, खासगीपणाचे आणि प्रसिद्धीचे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, ते वारशाने मिळत नाहीत, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिला. साहित्याच्या अभ्यासकाने या निर्णयाने खंत करण्याचे कारण नाही. वारसांच्या हाती प्रतिमा गेली की ती बहुधा स्वच्छ धुऊन निघते. हंसाबाईंचे मद्यपान आणि त्यांचे संबंध वारसांच्या अनुमतीने पडद्यावर आले असते काय, याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे.

वारस स्वतःच लेखक असेल तर काय होते, हे काशिनाथ घाणेकर यांच्या उदाहरणावरून पाहता येते. १९८६ मध्ये निवर्तलेल्या या नटाची आजची प्रतिमा त्यांच्या पत्नी कांचन घाणेकर यांच्या ‘नाथ हा माझा’ या पुस्तकाने आणि त्यानंतर २०१८ मधील चित्रपटाने घडविली आहे. त्या पुस्तकात नटाचा बेदरकारपणा झाकलेला नाही. पण तो प्रेमाच्या चौकटीत ठेवलेला आहे, हे शीर्षकावरूनच कळते. हंसाबाईंना अशी चौकट घालणारे कोणी नव्हते. त्यांच्या पश्चात बोलण्यास एक पुस्तक होते आणि ते त्यांनी स्वतः, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी, वाचकांच्या हाती दिले होते.

म्हणूनच त्या पुस्तकाची काळजी घेणे हा अभ्यासकांच्या वाट्याचा भाग आहे. ‘माणूस’मधील क्रमशः प्रसिद्ध झालेला पाठ आणि १९७० ची ग्रंथावृत्ती शेजारी ठेवून पाठभेद नोंदविले गेले पाहिजेत, नामोल्लेखांवर आणि चित्रपटांच्या तपशिलांवर टिपा हव्यात, शब्दांकनकाराच्या भूमिकेची चर्चा करणारी प्रस्तावना हवी. वर्गात पुस्तक आधी वाचून मगच ‘भूमिका’ दाखविण्याचा साधा क्रमही पुष्कळ काही बदलू शकतो. स्वामित्वहक्काचा प्रश्नही तेथेच येऊन मिळतो. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. सांगणारी स्त्री हीच एकटी लेखक मानली तर ‘सांगत्ये ऐका’ २०३१ च्या अखेरीस सर्वांसाठी मुक्त होईल. अरुण साधू यांना सहलेखक मानले तर, त्यांचे निधन २०१७ मध्ये झाले असल्याने, ती मुदत २०७७ पर्यंत जाईल.