गुन्हा कबूल आहे का?

फौजदारी खटल्यात दोषारोप निश्चित झाला की न्यायाधीश तो आरोपीला समजेल अशा भाषेत सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? आरोपी नाही म्हणाला किंवा गप्प राहिला, तर खटला साक्षीपुराव्यावर चालतो. होय म्हणाला, तरी लगेच शिक्षा झालीच पाहिजे असे नाही. कबुली स्वीकारणे न्यायालयाच्या विवेकावर असते. २० जुलै २००९ रोजी अजमल कसाबने मुंबईच्या विशेष न्यायालयात अचानक कबुली दिली. न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी ती नोंदवून घेतली, पण साक्षी चालूच ठेवल्या. दोषी ठरवणारा निकाल लागला मे २०१० मध्ये. किरकोळ गुन्ह्यात मात्र कबुली, दंड आणि सुटका एका दिवसात उरकते.

कबुलीच्या बदल्यात शिक्षेत सूट, म्हणजे ‘प्ली बार्गेनिंग’. अमेरिकेतले बहुतांश खटले याच वाटेने संपतात. भारतात या वाटेला बराच काळ मज्जाव होता. महाराष्ट्रातील अन्नभेसळीच्या एका खटल्यात १९७६ साली न्या. कृष्णा अय्यर यांनी अशा सौद्यावर कोरडे ओढले. ज्या समाजाचे नुकसान झाले, तो या बोलणीत नसतोच, हा त्यांचा आक्षेप आजही खोडता येत नाही.

तरीही तुंबलेल्या खटल्यांपायी ५ जुलै २००६ पासून कायद्यात ही सोय आली, ती बरीच बंदिस्त. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे, स्त्रिया आणि चौदा वर्षांखालील मुलांविरुद्धचे गुन्हे वगळले. अर्ज आरोपीनेच शपथपत्रासह करायचा. न्यायाधीश त्याला बंद दालनात एकट्याला विचारतात, कोणाचा दबाव नाही ना? मग सरकारी वकील, तपास अधिकारी आणि पीडित व्यक्तीसह भरपाईची तडजोड ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने दोषारोपानंतर ३० दिवसांत अर्जाची मुदत घातली. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला सवलतही वाढवली. घरफोडीशिवाय राहत्या घरातून चोरी झाली, तर कमाल शिक्षा सात वर्षे. तडजोडीत ती एक चतुर्थांश, म्हणजे २१ महिने होऊ शकते. पहिलाच गुन्हा असेल तर एक षष्ठांश, १४ महिने. कच्च्या कैदेतले दिवस त्यातून वजा होतात.

एवढे असूनही अर्ज फारच थोडे येतात. कारण उघड आहे: सूट मिळाली तरी दोषसिद्धीचा शिक्का बसतो, नोकरी धोक्यात येते. खटला लांबला, साक्षीदार फिरले, तर निर्दोष सुटण्याची आशा असते. शिवाय अर्ज केला तरी तो मंजूर होतोच असे नाही: मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या एका कर्मचाऱ्याचा अर्ज २००७ साली आरोपांच्या गांभीर्यामुळे फेटाळला गेला.

कोल्हापुरात लोक या तडजोडीची माफीच्या साक्षीदाराशी गल्लत करतात. बालहत्याकांडात गावित भगिनींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली फाशी सुनावली, तेव्हा त्यांपैकी एकीचा पती माफीचा साक्षीदार होता. माफीचा साक्षीदार इतरांविरुद्ध साक्ष देतो आणि स्वतः सुटतो. प्ली बार्गेनिंगमध्ये आरोपी स्वतःचाच गुन्हा मान्य करून शिक्षा भोगतो.

प्ली बार्गेनिंगमधून लागलेल्या निकालावर अपील नाही. उरते ती उच्च न्यायालयातील रिट याचिका किंवा सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी. रिटसाठी कोल्हापूरकरांना पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच शहरातच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत बसते.