डोळ्यांतील पाण्याचा दाब

मुंबईच्या नळांस येणारें बरेंचसें पाणी शहापूर तालुक्यांतून येतें, हें आपणांस ठाऊक आहेच. तानसा तलावाचें पाणी १८९२ सालापासून या शहरास मिळत आहे. भातसेचें मोठें धरण त्याच तालुक्यांत मागाहून बांधलें गेलें. जलाशय सांभाळणाऱ्यास पाणी आंत किती येतें आणि बाहेर किती जातें, या दोहोंवर नजर ठेवावी लागते. आपल्या प्रत्येक डोळ्यांत असाच एक चिमुकला जलाशय आहे. त्याची आवकजावक बिघडली म्हणजे काय होतें, आणि शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत हा बिघाड कोणत्या वाटेनें येतो, एवढेंच मी आज सांगणार आहें.

डोळा हाडाच्या खोबणींत बसविलेला असला तरी त्याचा गोल आकार हाडानें राखलेला नाहीं. चेंडू जसा आंतल्या हवेनें ताठ राहतो तसा डोळा आंतल्या दाबानें ताठ राहतो. बाहुलीभोंवतीं जो रंगीत पडदा असतो, त्याच्या मागें पाण्यासारखा स्वच्छ रस सारखा पाझरत असतो. तो बाहुलींतून पुढें येतो आणि हा पडदा व समोरचें पारदर्शक पारपटल यांच्यामधील कोपऱ्यांत एक बारीक जाळी असते, तींतून निघून रक्तांत मिसळतो. दिवसभरांत पाझरणारा हा रस चहाच्या चमच्यांतहि पुरता भरणार नाहीं; तरी पुढल्या कप्प्यांतील सगळा रस दीड-दोन तासांत पालटलेला असतो. निरोगी डोळ्यांत त्याचा दाब पाऱ्याच्या हिशेबानें सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर असतो. पाण्याच्या हिशेबानें सांगावयाचें तर सुमारें वीतभर उंचीच्या स्तंभाइतका.

दाब वाढला म्हणून डोळा फुटत नाहीं, कारण त्याची भिंत चिवट असते. परंतु मागच्या बाजूस तिच्यांत एक दुबळी जागा आहे. दृष्टिपटलावरून निघालेले दहा-बारा लक्ष तंतु तेथें एकत्र होऊन मेंदूकडे जातात आणि त्यांना वाट देण्यासाठीं भिंतीचा तेवढा भाग चाळणीसारखा सच्छिद्र असतो. दाबाखालीं ही चाळण मागें वाकते, तिचीं छिद्रें वेडींवांकडीं होतात, तंतु चेपले जातात, त्यांचें पोषण तुटतें आणि ते हळूहळू मरूं लागतात. मेलेला तंतु पुन्हां उगवत नाहीं. यालाच आपण काचबिंदु म्हणतों. याच्या नेहमींच्या प्रकारांत दुखत-खुपत नाहीं. नजर कडेकडेनें जाते, समोरचें मात्र पुष्कळ दिवस नीट दिसतें. बांधावरून चालतांना शेजारच्या खड्ड्यांत पाय पडतो, आणि म्हातारा माणूस वयाला दोष देऊन मोकळा होतो.

सारखा दाब सर्वांस सारखाच बाधतो असेंहि नाहीं. कोणाची चाळण २५ मिलिमीटर दाब वर्षानुवर्षें सोसते, तर कोणाची १६ लाच खचते. त्यांतून दाब मोजण्यांत एक पेंच आहे. नॉर्वेच्या शिऑट्स यानें १९०५ सालीं डोळ्यावर लहानसा वजनदार दट्ट्या टेकवून तो किती रुततो यावरून दाब काढला. पुढें स्वित्झर्लंडच्या गोल्डमान यानें पारपटलाचा ठराविक भाग सपाट करण्यास किती जोर लागतो तें मोजलें, आणि हीच रीत आज प्रमाण मानतात. परंतु पातळ पटल थोड्या जोरानेंहि सपाट होतें. त्यामुळें पारपटल पातळ असेल तर आंत असलेल्या दाबाहून यंत्रावरचा आंकडा कमी दिसतो. महाराष्ट्रांतील खेडुतांच्या डोळ्यांची मोठी पाहणी नागपूर भागांतील आठ खेड्यांत २००६ ते २००९ या काळांत झाली. तींत तिशी ओलांडलेल्या ४,७११ लोकांस तपासलें. त्यांच्या पारपटलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटराहून किंचित अधिक भरली. यूरोपीय लोकांत ती ५४० च्या आसपास असते. तेव्हां आपल्याकडील खेडुताच्या डोळ्यांत यंत्रानें १८ दाखविले, एवढ्यावर निश्चिंत होऊं नये. बाहुलींतून आंत पाहून चाळणीची जागाहि तपासून घ्यावी.

आतां शहापूर-मुरबाडकडे वळूं. हा भाताचा मुलूख. पावसाळ्यांत आवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडणी. घरांतील आजीला दिसेनासें झालें कीं, एवढी कापणी होऊं द्या, असें ठरतें. शिवाय, मोतीबिंदु अजून पिकला नाहीं, असें कोणी जाणता सांगतो. हा सल्ला एके काळीं खरा होता. कच्च्या मोतीबिंदूचा गर काढतांना थोडा मागें राही, त्यानें डोळा सुजे, आणि बरें झाल्यावरहि जाड भिंगाच्या चष्म्याविना गति नसे. दृष्टि पुरती जाईपर्यंत थांबण्यांत तेव्हां शहाणपण होतें. १९४९ सालीं लंडनमध्यें हॅरल्ड रिडले यानें रोग्याच्या डोळ्यांत प्रथम कृत्रिम भिंग बसविलें, आणि पुढें सगळी शस्त्रक्रियाच इतकी पालटली कीं, आज पिकून कठीण झालेलें भिंग काढणेंच अधिक अवघड जातें. सल्ला मात्र जुनाच चालू आहे.

थांबण्यांत धोका असा कीं, भिंग पिकतांना कधीं कधीं पाणी शोषून फुगतें. फुगलेलें भिंग रंगीत पडद्यास पुढें रेटतें, पडदा कोपऱ्यांतील जाळीवर जाऊन बसतो आणि रसाची वाट बंद होते. रस पाझरण्याचें मात्र थांबत नाहीं. कांहीं तासांत दाब ५०-६० मिलिमीटरांवर जातो, म्हणजे वीतभर पाण्याच्या जागीं साडेतीन विती. दुसऱ्या प्रकारांत अतिपक्व भिंगाचा गर पातळ होऊन बाहेर झिरपतो व जाळी तुंबवितो. डोळा लाल होतो, अर्धें डोकें ठणकतें, उलट्या होतात. उलटी झाली म्हणजे पित्त, असा घरोघरचा समज. त्यामुळें दोन-तीन दिवस घरगुती औषधांत जातात, आणि टोकावड्यापलीकडच्या पाड्यावरून किंवा कसाऱ्याच्या डोंगरांतून आजी डॉक्टरापर्यंत पोंचते तेव्हां डोळा बोटाला दगडासारखा लागतो. औषधानें दाब उतरवितात, मग भिंग काढतात, दुखणें थांबतें. दृष्टि येईलच असें मात्र नाहीं, कारण मधल्या दिवसांत तंतु मेलेले असतात. वेळेवर शस्त्रक्रिया झाली असती तर याच डोळ्यानें तिनें तांदूळ निवडले असते.

अंधत्व-निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी इस्पितळांत व शिबिरांत विनामूल्य होते. माझ्या मतें खरी अडचण पैशापेक्षां दिवसांची आहे : म्हाताऱ्या माणसाबरोबर जावयास कापणीच्या हंगामांत कोणीच मोकळें नसतें. हें काम मुंबई-ठाण्यास नोकरी करणाऱ्या मुलानें किंवा पुतण्यानें भाद्रपदांत, गणपतीला गांवीं आल्यावर उरकून घ्यावें.

दाब वाढण्याच्या आणखी दोन वाटा खेड्यांत आढळतात. गलोलीचा खडा पोराच्या डोळ्यावर बसला तर आंतल्या कोपऱ्याची जाळी फाटते; डोळा आठवड्यांत बरा दिसतो, आणि दाब कधीं कधीं दहा-वीस वर्षांनीं चढतो. दुसरी वाट औषधांच्या दुकानांतून जाते. डोळे आले, खाज सुटली कीं दुकानदार स्टेरॉइडचे थेंब देतो. लाली तत्काळ ओसरते, म्हणून तीच बाटली महिनोन्‌महिने वापरली जाते, आणि कित्येकांच्या डोळ्यांत तिच्यामुळें जाळींतून रस जाणें मंदावतें.

काचबिंदूवर दाब उतरविणारे थेंब आहेत. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, दाब अधिक पण डोळा अद्याप निरोगी, अशा लोकांस पांच वर्षें पाहिलें : थेंब न घालणाऱ्यांत शेंकडा ९.५ जणांस काचबिंदु जडला, घालणाऱ्यांत ४.४ जणांस. परंतु हे थेंब बहुधा जन्मभर घालावे लागतात. घातल्यानें नजर सुधारल्याचें जाणवत नाहीं आणि बंद केल्यानें कांहीं दुखत नाहीं, म्हणून बाटली संपली कीं दुसरी आणावयास कल्याणपर्यंत कोण जातो? गांवीं जाल तेव्हां कोनाड्यांतील ती बाटली हातांत घेऊन केव्हां उघडली तें विचारावें. महिन्याहून अधिक दिवस झाले असतील आणि ती अजून अर्धी भरलेली असेल, तर थेंब डोळ्यांत जात नाहींत असें समजावें.