शिट्टी हातात घ्यावी की नाही?

सभासद बंधूंनो, गळीत हंगाम संपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली, की आपल्याकडे दोन-चार दिवस हिंडून येण्याची पद्धत आहे. कोणी पंढरपूर करतो, कोणी गोवा. २०२४ च्या मे महिन्यात आमच्या गावच्या फुटबॉल संघाची पोरे समुद्र बघायला निघाली आणि त्यांच्यावर नजर ठेवायला कोणीतरी वडीलधारे हवे म्हणून आम्हाला गाडीत घातले. मुक्काम नागावला. नागाव म्हटल्यावर शिरोलीजवळचे, आपल्या हातकणंगले तालुक्यातले नागाव कोणी डोळ्यांपुढे आणू नये. हे नागाव रायगड जिल्ह्यातले. अलिबागच्या दक्षिणेला, आक्षी आणि चौल-रेवदंड्याच्या मधले. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत पाटाने फिरणारे पाणी, पुढे सुरूची झाडे आणि ती ओलांडली की समुद्र. उसाच्या माणसाला ते पाटाचे पाणी बघूनच बरे वाटते.

ओहोटीला तिथली वाळू इतकी दडस होते की अनवाणी पळताना पाय रुतत नाही. पोरांनी ते पाहिले आणि झाले! चेंडू गाडीतच होता. तिथली पोरेही खेळत होती. "काय, होऊ दे का एक मॅच?" एवढ्यावर सामना ठरला. गोलाला सुरूच्या काटक्या रोवल्या. एका बाजूची रेघ पायाने ओढली आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची कड हीच रेघ मानायची ठरली.

राहिला पंच. तिकडच्या पोरांबरोबर एक निवृत्त गुरुजी होते, त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. ते आम्हाला म्हणाले, "पाहुणे, मी या गावचा, तुम्ही त्या गावचे. पहिला हाफ मी, दुसरा तुम्ही." आम्ही हो म्हणालो. न म्हणायला काय झाले? पंचवीस वर्षे फुटबॉल बघतोय. स्वतः खेळलोय. राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसून आमच्यासारख्यांनी पंचांना जेवढे फुटबॉल शिकवले असेल, तेवढे कोणी शिकवले नसेल!

दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा भरती लागली होती. दर पाच मिनिटांनी पाण्याची कड आत येत होती आणि मैदान अरुंद होत होते. आमची पोरे एका गोलाने पुढे. शेवटच्या काही मिनिटांत चेंडू पाण्यात गेला. नागावच्या एका पोराने तो काढून गुडघाभर पाण्यातूनच आत फेकला. त्यांचा एक बारका पोरगा, असेल चौदा-पंधराचा, आमच्या बचावफळीच्या मागे एकटा उभा होता. त्याने तो छातीवर घेतला आणि गोल मारला. आम्ही शिट्टी फुंकली, हात वर केला. ऑफसाइड! पोरगा आमच्याकडे बघत राहिला. एक शब्द बोलला नाही. आमच्या पोरांनी घाईने फ्री किक घेतली, खेळ पुढे गेला, सामना संपला. आम्ही जिंकलो.

चहा पिताना गुरुजी आमच्या शेजारी बसले. बराच वेळ इकडचे-तिकडचे, उसाच्या दराचे बोलले. मग हळूच म्हणाले, "थ्रोला ऑफसाइड नसतो हो, पाहुणे."

आम्ही सांगतो बंधूंनो, त्या वेळी आम्हाला समुद्रात जाऊन उभे राहावेसे वाटले. पंचवीस वर्षांत हे माहीत नव्हते. तो पोरगा तेव्हा कडेला पाय धूत बसला होता. आम्ही त्याच्यापाशी गेलो, चूक झाली म्हणालो. तो "असू दे काका" म्हणाला आणि चालू लागला. नियमही असाच आहे की खेळ पुन्हा सुरू झाला की पंचाला निर्णय फिरवता येत नाही. गाडी काट्यावरून उतरून खाली झाली, की त्या खेपेचे वजन पुन्हा होत नाही, तसेच हे.

परत आल्यावर आम्ही नियम वाचायला घेतले. फुटबॉलचे नियम अवघे १७. ते ठरवणारे मंडळ १८८६ साली स्थापन झाले, आणि नियमांचे पुस्तक ते मंडळ मोबाईलवर फुकट देते. आमच्या मुलाने इंग्रजीतून वाचायचे, अर्थ सांगायचा, आम्ही वहीत उतरवायचे, असे महिनाभर चालले. ऑफसाइड हा अकरावा नियम. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्याही पुढे असाल, आणि तिथून खेळात भाग घेतलात, तर ऑफसाइड. मात्र चेंडू थेट थ्रो-इन, गोल किक किंवा कॉर्नरवरून आला असेल तर ऑफसाइड नाही. सरळ लिहिले आहे. हातसुद्धा मोजत नाहीत. डोके, धड आणि पाय एवढेच.

वाचता वाचता एक जुनी गोष्ट वर आली. २०१२ साली शेजारच्या एका गावच्या स्पर्धेत आमच्या गावाला पेनल्टी मिळाली होती. आमच्या खेळाडूने मारलेला चेंडू खांबाला लागून परत आला आणि त्यानेच तो पुन्हा आत घातला. पंचाने गोल दिला नाही. मग काय, शिव्या, ढकलाढकली. शेवटी आयोजकांनी त्या माणसाला उसाच्या फडामागून वाटेला लावले. त्या गर्दीत आम्ही होतो. नुसते होतो असे नाही, आमचा आवाज मोठा होता. आता चौदावा नियम वाचला: पेनल्टी मारणाऱ्याला दुसऱ्या कोणाचा स्पर्श झाल्याशिवाय चेंडू पुन्हा खेळता येत नाही. खांब म्हणजे खेळाडू नव्हे. तो पंच शंभर टक्के बरोबर होता. पुढच्या वर्षापासून त्या स्पर्धेला पंच मिळेना आणि दोन वर्षांत स्पर्धाच बंद पडली. आज त्या मैदानावर वैरणीच्या गंजी आहेत.

म्हणून प्रश्न पडला: पंचाचे रीतसर शिक्षण घ्यावे की नाही?

घरात विषय काढला तर घरच्या मंडळींनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "टोळी आली आणि तुमची मॅच असली, तर फडात कोण उभं राहणार?" याला उत्तर नाही. आपल्याकडे फुटबॉल रंगतो तो थंडी-उन्हाळ्यात, म्हणजे ऐन तोडणीत. चिटबॉयचा निरोप काय आपली सवड विचारून येतो? भावाचे म्हणणे वेगळे. तो म्हणाला, "आजवर भावकीत दोन घरं बोलत नाहीत, तेवढं पुरं नाही का? आता गावंच्या गावं तोडून घेणार?" आणि आईने फक्त एवढेच विचारले, की शिट्टी वाजवायचे पैसे किती मिळतात. शहरातल्या एका अनुभवी पंचांना आम्ही तेच विचारले होते. ते हसले आणि म्हणाले, पेट्रोल सुटते.

पैशाचे सोडा, छातीत दम आहे का ते तरी पाहू, म्हणून आम्ही एक उद्योग केला. आंतरराष्ट्रीय पंचांची कसोटी अशी असते: ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचे, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचे, आणि असे ४० वेळा. एकूण चार किलोमीटर. मोठ्या सामन्यात पंच १० ते १२ किलोमीटर पळतो, त्या मानाने ही परीक्षा वाजवीच म्हणायची. आमच्यासारख्याला एवढी कोणी लावणार नाही, पण माप कळावे म्हणून खोडव्याच्या बांधाकडेच्या रस्त्यावर टेप धरून खुणा केल्या. मुलगा घड्याळ घेऊन उभा. अकराव्या खेपेला आम्ही बांधावर बसलो. वय ४३, गुडघा एक जायबंदी. दुसऱ्या महिन्यात एकोणीसपर्यंत गेलो. गाडी अजून तिथेच आहे.

हे सर्व चालू असताना फुटबॉलच्या जुन्या इतिहासातली एक गोष्ट कळली, ती सभासदांना आवडेल. इंग्लंडात पूर्वी दोन्ही संघ आपापला अंपायर आणत. दोघांचे जमले नाही तर मैदानाबाहेर एक तिसरा माणूस असे, त्याच्याकडे वाद न्यायचा. तो रेफ्री. १८९१ साली ही पद्धत मोडली. तिसऱ्याला मैदानात आणले, निर्णय त्याच्या हाती दिला आणि अंपायर रेषेवर पाठवले. म्हणजे नागावच्या वाळूत गुरुजींनी आणि आम्ही जे अर्धे-अर्धे केले, ते सव्वाशे वर्षांपूर्वी टाकून दिलेले होते! शेतकऱ्याचा एक काटा आणि कारखान्याचा एक काटा ठेवला, तर रोज गेटवर काय होईल याचा विचार करा. काटा एकच लागतो. आणि तो खरा आहे एवढी खात्री दोन्हीकडच्यांना लागते, ती नसेल तर बिनचूक वजनावरसुद्धा भांडण होते.

पिवळे-लाल कार्ड तर आपण सर्वच बघतो. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात पंचाने काय बजावले, कोणाला बाहेर काढले, हेच भाषेच्या घोळात नीट कळेना. पंचांचे काम पाहणारे केन अ‍ॅस्टन यांना नंतर रस्त्यावरचा सिग्नल बघून रंगांची कल्पना सुचली आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे आली. २०१८ च्या विश्वचषकापासून व्हिडिओ बघून निर्णय तपासतात. काटाही आता इलेक्ट्रॉनिक झाला आहे, पण त्याच्यामागे माणूस बसतोच.

आपल्या देशातलाही माणूस तिथवर पोचलेला आहे. तामिळनाडूचे के. शंकर २००२ च्या विश्वचषकात सहायक पंच होते. भारताचा संघ आजवर त्या स्पर्धेत खेळलेला नाही. गोव्याच्या मारिया रिबेलो यांनी २०१३-१४ च्या हंगामात आय-लीगमध्ये पुरुषांच्या सामन्यात शिट्टी वाजवली. त्या आधी भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या. ज्यांच्या मुली पळण्यात चपळ आहेत त्यांनी हे घरी वाचून दाखवावे.

आपल्या भागात खेळाडूंची वाण नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींची नावे लहान पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. खेळायला पंचवीस पोरे लगेच उभी राहतात. शिट्टी पुढे केली की सगळे बुटाच्या नाड्या बांधायला वाकतात.

तर आम्ही काय ठरवले ते सांगतो. पंचांच्या प्रशिक्षणवर्गाला नाव द्यायचे. त्यात नियमांचा वर्ग, लेखी परीक्षा, पळण्याची चाचणी आणि मैदानावरचे काम, असे सर्व असते. वरच्या पायऱ्यांना वयाची अट लागते, त्या आमच्यासाठी नाहीत. आम्हाला गावपातळी पुरे. घरच्या मंडळींच्या अटी दोन. टोळी फडात असेल त्या दिवशी सामना घ्यायचा नाही. आणि आमच्या गावच्या सामन्याला, मुलगा खेळत असो वा नसो, शिट्टी हातात धरायची नाही. दुसरी अट आम्ही स्वतःहून घातली असती. पहिली मान्य करताना जरा जड गेले, पण तीन एकर ऊस काही थ्रो-इनने आत येत नाही.

भाऊ अजून बोलत नाही. गुरुजींना मात्र नागावला फोन केला. त्यांनी अर्धा तास अप्रत्यक्ष फ्री किकवर आमची परीक्षा घेतली. सातापैकी चार बरोबर आली.

वर्गाला आमच्या मोटारसायकलवर मागची एक जागा रिकामी आहे. सभासदांच्या मुला-मुलींपैकी ज्याला यायचे असेल त्याने गट कार्यालयात नाव द्यावे. येताना एक वही, एक पेन आणि पळायचे बूट आणावेत. शिट्टी आमच्याकडे दोन आहेत. दुसरी गुरुजींनी पोस्टाने पाठवली.