लेकराला फिटचं औषध चालू आहे? मग पोटदुखीकडे दुर्लक्ष नको

सख्यांनो, फिट येणं, मिरगी, फेफरं, आकडी, नावं वेगवेगळी असली तरी हा मेंदूचा आजार आहे. कांदा हुंगवून किंवा अंगारा लावून तो बरा होत नाही. रोजच्या औषधाने मात्र बहुतेक लेकरांच्या फिट आटोक्यात राहतात आणि ती शाळेत जातात, खेळतात. म्हणून औषध चालू ठेवायचंच. पण त्यातल्या एका औषधाबद्दल प्रत्येक आईला एक गोष्ट माहीत हवी.

कोणतं औषध?
त्याचं नाव सोडियम व्हॅल्प्रोएट. लहान मुलांना बहुधा पातळ औषध देतात, मोठ्यांना गोळ्या. फ्रान्समध्ये १९६७ पासून आणि पुढे जगभर ते वापरात आलं. कंपनीप्रमाणे वरचं नाव बदलतं, म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं शिकलेल्या लेकीकडून किंवा आशाताईंकडून वाचून घ्या. व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक ॲसिड किंवा डायव्हॅलप्रोएक्स असं लिहिलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

पोटात काय होतं?
जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. अन्न पचवणारा रस तो तयार करतो आणि हा रस आतड्यात गेल्यावर कामाला लागतो. क्वचित एखाद्या मुलात या औषधामुळे स्वादुपिंडाला सूज येते. मग तोच रस आतल्या आत स्वादुपिंडालाच जाळू लागतो. असं फार थोड्या मुलांना होतं, पण झालं तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली या औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत तसा इशारा छापायला लावला.

हा त्रास औषध सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत होऊ शकतो, तसाच काही वर्षांनीही होऊ शकतो. डोस बरोबर असतानाही होतो. त्यामुळे 'इतकी वर्षं तर काही झालं नाही' असं म्हणून गप्प बसू नका. आणि आईने काही चुकीचं दिलं म्हणून हे झालं, असंही कुणी म्हणू नये.

कसं ओळखायचं?
- पोटाच्या वरच्या भागात जोराचं दुखणं, कधी ते पाठीतही जातं
- पुन्हा पुन्हा उलट्या
- जेवणावरची वासना जाणं
- ताप, सुस्ती

लहान लेकराला सांगता येत नाही. ते पोटाशी पाय घेऊन पडून राहतं, पोटाला हात लावू देत नाही. बोलता न येणाऱ्या मुलाकडे तर जास्तच लक्ष ठेवा.

प्रत्येक पोटदुखी ही नसते. जंत, अपचन, शिळं खाणं अशी कारणंही असतात. पण हे औषध चालू असेल आणि दुखणं-उलटी थांबत नसेल, तर ओवा देऊन, नजर काढून सकाळची वाट पाहू नका.

काय करायचं?
त्याच दिवशी दवाखाना गाठा. वाडी-तांड्यावरून गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. बाटली आणि डॉक्टरांचा कागद सोबत न्या आणि आधी सांगा, "याला फिटचं औषध चालू आहे." हे कळलं की डॉक्टरांच्या डोक्यात स्वादुपिंडाचा विचार येतो. रक्तातल्या लायपेज, अमायलेज या तपासण्या आणि सोनोग्राफी यांवरून निदान होतं. मग भरती करून सलाईन लावतात, दुखण्यावर औषध देतात. वेळेत पोहोचलेली बहुतेक मुलं बरी होतात.

औषध आपल्या मनाने बंद करू नका
हा लेख वाचून बाटली फेकून दिलीत तर भलताच घोळ होईल. औषध एकदम थांबवलं की थांबता न थांबणारी फिट येऊ शकते, तीही जीवघेणी असते. स्वादुपिंडाला सूज आहे असं ठरलं तर डॉक्टर हे औषध बंद करून दुसरं सुरू करतात. एकदा हा त्रास झालेल्या लेकराला हे औषध सहसा पुन्हा देत नाहीत, म्हणून ते त्याच्या कागदावर ठळक लिहून घ्या. ऊसतोडीला जाताना पुरेसं औषध आणि तो कागद बरोबर ठेवा.

गटाने काय करावं?
पुढच्या बैठकीत विचारा, कुणाच्या घरी लेकराला फिटचं औषध चालू आहे का. असेल तर बाटलीचा फोटो आई, आजी आणि एका शेजारणीच्या मोबाईलमध्ये असू द्या. आई रानात असताना दुखायला लागलं तर ज्या कुणी दवाखान्यात नेतील, त्यांना औषधाचं नाव सांगता येईल. गाडीभाड्यासाठी गटातून तातडीचं कर्ज कसं द्यायचं, हेही आधीच ठरवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं. फिट येणारं मूल त्यांना जरूर दाखवा, लपवू नका.

औषधाचा कोणताही दुष्परिणाम कळवायला सरकारचा मोफत फोन आहे: १८००-१८०-३०२४. पण लेकरू दुखण्याने तळमळत असेल तेव्हा आधी दवाखाना, फोन नंतर.