आलू, बटाटा आणि भाषेची शुद्धता

शहागंजातील भाजीवाला ‘आलू’ म्हणून हाक देतो. शाळेचे क्रमिक पुस्तक ‘बटाटा’ म्हणते. मराठवाड्यातील अनेक घरांतून मूल पहिला शब्द घेऊन शाळेत येते, निबंधात तोच लिहिते आणि त्यावर लाल शाईची फुली पडते. आलू हा हिंदी शब्द, बटाटा मात्र शुद्ध मराठी, असा समज त्या फुलीमागे असतो. तो कितपत खरा आहे, हे एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतले. पेरू-बोलिव्हियाच्या पठारांवर ते हजारो वर्षांपासून पिकते. तेथील केचुआ भाषेत त्याचे नाव ‘पापा’. ‘बटाटा’ हा शब्द तेथला नव्हेच. १४९२ मध्ये कोलंबसाची जहाजे कॅरिबियन बेटांना लागली. तेथील ताईनो लोक ‘बटाटा’ म्हणत, ते रताळ्याला! पुढे अँडीजमधील कंदही युरोपात पोहोचला आणि दोन्ही कंदांच्या नावांची सरमिसळ झाली. स्पॅनिशांचा ‘पताता’, इंग्रजांचा ‘पोटॅटो’ आणि पोर्तुगीजांचा ‘बटाटा’ ही त्याच घोटाळ्याची अपत्ये होत. आता रताळ्यासाठी पोर्तुगीजांना ‘गोड बटाटा’ असा जोडशब्द वापरावा लागतो. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि त्यांच्या व्यापाराबरोबर हा शब्द कोकणी, मराठी व गुजराती भाषांत रुजला.

आलूची कुळकथा वेगळी आहे. संस्कृतात ‘आलु’ म्हणजे खाण्याजोगा कंद. तांबडा कंद तो ‘रक्तालु’. त्यावरूनच आपले रताळे आले. अमेरिकेतील नवा कंद उत्तर भारतात आला, तेव्हा लोकांनी त्याला हे जुनेच नाव दिले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतूनच होते. बाजारात मराठीच्या जोडीला दखनी चाले. पश्चिम किनाऱ्यावरचा बटाटा आणि उत्तरेकडचा आलू यांची गाठ या प्रदेशात पडली. त्याच राज्यातील आपले तेलुगू शेजारी ‘आलुगड्डा’ म्हणतात, तर कानडी शेजारी ‘आलूगड्डे’.

म्हणजे ज्याला आपण परका ठरवतो, तो शब्द संस्कृतातून आलेला. आणि ज्याला शुद्ध मानतो, तो ताईनो लोकांकडून पोर्तुगीजांमार्फत आलेला, तोही मुळात दुसऱ्याच कंदाचा. शुद्धतेचीच कसोटी लावायची, तर फुली बटाट्यावर मारावी लागेल. अर्थात तसे करण्याचे कारण नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. माल जेथून येतो, तेथूनच बहुधा त्याचे नावही येते. जाधववाडीच्या बाजार समितीत शेतमालाचा लिलाव होतो. तो ‘लिलाव’ पोर्तुगीज आहे. महिनाअखेरीस आपण ज्याची वाट पाहतो, तो ‘पगार’ही पोर्तुगीजच. परका शब्द म्हणून कोणी पगार नाकारल्याचे ऐकिवात नाही.

प्रमाणभाषेची गरज कोणी नाकारणार नाही. मुंबईच्या वाचकाला आणि परभणीच्या विद्यार्थ्याला एकच पाठ्यपुस्तक समजले पाहिजे. परंतु समान शब्द शिकवणे निराळे आणि घरचा शब्द चुकीचा ठरवणे निराळे. एका फुलीने मुलाला कळते ते एवढेच, की आपली आई अशुद्ध बोलते. असे मूल पुढे वर्गात तोंड उघडताना दहा वेळा विचार करते. पुष्कळदा उघडतच नाही. कॉलेजच्या वर्गातही मागच्या बाकांवर अशी मुले आपण पाहतो. बुद्धीला ती कमी नसतात. आपली भाषा कमी प्रतीची, हे मात्र त्यांच्या मनावर कायमचे ठसलेले असते.

तेव्हा शिक्षकांनी फुलीऐवजी समासात ‘बटाटा’ हा शब्द लिहावा आणि वर्गाला या दोन शब्दांची हकिगत सांगावी. पाच मिनिटांत इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांचा एकत्र पाठ होईल. आणि आलू म्हणणाऱ्या मुलाला आपला शब्द किती जुना आहे, हेही कळेल.