कब्जेदाराचा रकाना

संपादकांनी विषय दिला तो 'ज्ञान-व्यवस्थापन, डिजिटल तंत्रज्ञान आणि शासन' असा, आणि वर हैदराबादबद्दलच लिहा म्हणून सांगितलं. या विषयावर इथे बोलायचं तर हायटेक सिटीपासून सुरुवात करायची असा शिरस्ताच पडून गेलाय. २२ नोव्हेंबर १९९८ला वाजपेयींनी सायबर टॉवर्सचं उद्घाटन केलं इथून बोलायला लागायचं, तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंच्या लॅपटॉपवर एक परिच्छेद खर्ची घालायचा, 'मी-सेवा'पर्यंत येऊन टाळ्या घ्यायच्या. व्याख्यानं देणाऱ्या मंडळींचं हे भाषण मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यातला पुढचा विनोद मला आधी आठवतो. माझ्या लेखी ही गोष्ट त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी सुरू होते आणि तिचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, दफ्तरदार आहे.

१८५३ साली मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, वयाच्या चोविसाव्या वर्षी दिवाण झाले तेव्हा रियासतीचं दिवाळं वाजलेलं होतं. त्याच वर्षी वऱ्हाड इंग्रजांच्या घशात गेलं. कुठल्या तालुक्याची जमा किती, कुठली जहागीर कुणाला कधी आणि कशाबद्दल दिली, कुठली सनद खरी, कुठली बनावट, हे दिवाणाला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं दोन घराण्यांना. दफ्तर-ए-माल मालवाला कायस्थांकडे आणि दफ्तर-ए-दिवानी राय-रायांकडे. हे राय-रायां मराठी ब्राह्मण, आपल्यातलेच. कागद पिढीजात त्यांच्या ताब्यात. दिवाण बदलत, दफ्तरदार तेच राहत. आजच्या भाषेत सर्व्हर ठेकेदाराच्या घरी आणि पासवर्ड त्याच्या मुलाला पाठ.

सालारजंगांनी काय केलं ते मी प्रशिक्षण वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो आणि वर्षानुवर्षं तरुण अधिकारी जांभया देत आले. त्यांनी दफ्तरदारांना काढून टाकलं नाही. मान ठेवला, जहागिरी ठेवल्या, दरबारातली जागाही ठेवली. बाजूला नव्या कचेऱ्या उभ्या केल्या. १८६४मध्ये मजलिस-ए-मालगुजारी, म्हणजे महसूल मंडळ, १८६५मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, आणि जिल्ह्यावर पगारी अव्वल तालुकदार. काम हळूहळू इकडे वळलं. जुन्या दफ्तराला विचारत विचारत नवं दफ्तर तयार होत गेलं. १८८३मध्ये सालारजंग वारले. त्याच सुमाराला बिलग्रामी आणि विल्मट यांनी निजामाच्या मुलखाचं दोन खंडांतलं वर्णन छापून काढलं. तीस वर्षांपूर्वी स्वतःची जमा न कळणारं राज्य आता आपली माहिती छापून देत होतं. नोनाका आणि ताकेउची यांचं पुस्तक आलं १९९५मध्ये. डोक्यातलं ज्ञान कागदावर आणि कागदावरचं पुन्हा डोक्यात कसं जातं, ते त्यांनी जपानी कारखान्यांच्या दाखल्यांनी समजावलं. आमच्याकडच्या विद्वानांनी ते डोक्यावर घेतलं. सालारजंगांच्या दिवाण देवडीकडे मात्र कुणी वळून पाहिलं नाही.

नव्या व्यवस्थेतला माझा आवडता माणूस म्हणजे मुहाफिज. जिल्ह्याच्या मुहाफिजखान्यात, म्हणजे रेकॉर्ड-रूममध्ये, बसणारा, कनिष्ठ पगाराचा, धुळीने खोकणारा. मिसल, म्हणजे प्रकरणाची फाइल, कुठल्या बस्त्यात आहे हे त्याला यादी न पाहता कळायचं. नोकरीच्या सुरुवातीला मी अशाच एका जुन्या रेकॉर्ड-रूममध्ये मोठ्या ऐटीत मिसल नंबर सांगितला. म्हातारबुवा चष्म्यावरून पाहत म्हणाले, "साब, नंबर छोडो, गाँव बोलो. और झगडा किसका था वो बोलो." गाव सांगितलं, भाऊबंदकीचा दावा होता हे सांगितलं. चहा येण्याआधी मिसल माझ्यापुढे होती. नंबर दुसराच होता, कारण बंदोबस्ताच्या वेळी गावच दोन भागांत तुटलं होतं. हे कुठल्याही रजिस्टरात लिहिलेलं नव्हतं.

अशी न लिहिलेली माहिती गोळा करणारा अधिकारी म्हणजे सेतुमाधवराव पगडी, हैदराबादच्या मुलकी सेवेतले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून, फारसी साधनं मराठीत आणणारे म्हणून ओळखतो. पण आदिलाबादचे पगडी मला जास्त मोठे वाटतात. १९४०मध्ये जोडेघाटला गोंडांचा पुढारी कोमरम भीम पोलिसांच्या गोळीने पडला आणि निजाम सरकारला जाग आली की आपल्याच जिल्ह्यातल्या गोंडांबद्दल आपल्याला काहीच माहिती नाही. मग फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला बोलावलं. १९४३मध्ये मारलावाईला गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं. गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली, कारण तिथल्या गोंडांचा मराठीशी जुना संबंध. या कामात पगडी होते. ते गोंडी शिकले, कोलामी शिकले, पुढे आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिलं. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले ते या माहितीच्या बळावर. अधिकारी बैठकीला येतो आणि दुभाष्याशिवाय बोलतो, याला मी ज्ञान-व्यवस्थापन म्हणतो. आज त्या भागात जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात टॅब असतो.

१ नोव्हेंबर १९५६ला रियासतीचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसुरात, तेलंगण आंध्रात. माणसं वाटली, खुर्च्या वाटल्या, कर्जंसुद्धा वाटली. मध्यवर्ती दफ्तर बहुतेक इथेच राहिलं. ते आता तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे. त्याचं महत्त्व मराठवाड्याला सप्टेंबर २०२३मध्ये आठवलं. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तिला हैदराबादची वाट धरावी लागली. २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयाने 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द बीड-परभणीच्या पारावर पोचला. आरक्षणाच्या वादात मला शिरायचं नाही. मला दिसलं ते इतकंच: एखाद्या गावच्या पटवाऱ्याने लिहिलेल्या एका शब्दावर आज घराघराचं भवितव्य टांगलेलं आहे आणि तो शब्द वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

वाचणं म्हणजे काय, ते सांगतो. कागद कधी मोडीत, कधी शिकस्ता वळणाच्या उर्दू-फारसीत. आकडे सियाकमध्ये, म्हणजे अरबी संख्यावाचक शब्दांची आक्रसलेली रूपं, अंक नव्हेतच. साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, तेही ढोबळ, कारण वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू व्हायचं. महिने आजूर, दय, बहमन असे इराणी. स्कॅनिंगचं काम घेतलेल्या एका कंपनीच्या फॉर्ममध्ये १९००च्या आधीचं साल टाकताच येत नव्हतं. तिथे नोंदी भरणाऱ्या पोरींनी १३४५ पाहिलं, चूक समजून १९४५ केलं. १३४५ फसली म्हणजे १९३५-३६. दहा वर्षं इकडची तिकडे. वारसाहक्काच्या भांडणात तेवढ्यात एक पिढी मरून जाते. कागदाचं चित्र उत्तम आलं होतं, अगदी झूम करून वाळवी दिसेल इतकं.

मधला काळ झपाट्याने उरकतो, त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. १९६७मध्ये ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली, देशी संगणक बनवू लागली. सीएमसी कंपनीच्या सिकंदराबादच्या प्रयोगशाळेने रेल्वे आरक्षणाची प्रणाली रचली, १९८५मध्ये ती दिल्लीत चालू झाली. बेला व्हिस्टा राजवाड्यातलं प्रशासकीय स्टाफ कॉलेज १९५६पासूनच होतं. नंतर सेंटर फॉर गुड गव्हर्नन्स, एनआयएसजी वगैरे संस्थांचं पीक आलं. अहवाल चकचकीत निघाले.

पण 'कार्ड'वर थांबायला हवं. ४ नोव्हेंबर १९९८, नोंदणी खात्याचं संगणकीकरण, सुरुवातीला २१४ कचेऱ्या. तोवर दस्त नोंदवणं म्हणजे दस्तलेखकाच्या ओट्यावर हजेरी, मग कारकुनाने मोठ्या वहीत दस्ताची शब्दन् शब्द हाती नक्कल करायची, मूळ दस्त दिवसेंदिवस अडकायचा. बोजा-दाखला हवा तर वर्षावर्षाच्या सूच्या उलगडत बसायचं. 'कार्ड'ने मागच्या पंधरा वर्षांच्या नोंदी भरून घेतल्या, दाखला काही मिनिटांत येऊ लागला. मी स्वतः रांगेत उभं राहून पाहिलं आणि मनापासून वाह म्हटलं. पण दस्तलेखक ओट्यावरून हलला नाही. २००४मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त या प्रकल्पाला दिखाऊ दर्शनी भिंत म्हणणारा लेख आला, तेव्हा आमच्या वर्तुळात केवढी आदळआपट! मला लेखकाचं नवल वाटलं नाही. दस्तलेखकाला कुठली जमीन इनामी, कुठली वक्फ, कुठे भाऊ भांडतोय हे ठाऊक होतं आणि सॉफ्टवेअरला ते कुणी विचारायला सांगितलं नव्हतं. लोक लाच वेळेसाठी देतात हा भोळा समज. बरेचदा ते माहितीसाठी देतात.

ई-सेवेचं मी कौतुकच करतो. डिसेंबर १९९९मध्ये बंजारा हिल्सला 'ट्विन्स' निघालं, ऑगस्ट २००१मध्ये त्याची ई-सेवा झाली, नोव्हेंबर २०११मध्ये मी-सेवा. वीज, पाणी, घरपट्टी एका खिडकीवर. बिल भरण्यात ज्ञानाचा प्रश्न नव्हता, म्हणून ते साधलं. जमिनीत तो आहे.

आणि जमिनीच्या बाबतीत या शहराने दोनदा तीच कुऱ्हाड घातली. जानेवारी १९८४मध्ये मुख्यमंत्री एन. टी. रामारावांनी वंशपरंपरागत पटेल-पटवारी एका फटक्यात बरखास्त केले. पटवारी गावाच्या मानगुटीवर बसलेले होते, त्यांच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण काढण्याआधी त्यांच्या डोक्यातलं काढून घ्यायला हवं होतं. कित्येकांनी दप्तरं दिलीच नाहीत, काहींनी फाटकी दिली. सालारजंगांना जे दिवाणखान्यात सुचलं होतं, ते सचिवालयात कुणाला सुचलं नाही. त्यानंतर मी एक हट्ट धरला: बदली किंवा निवृत्तीवर जाणाऱ्या प्रत्येकाने पुढच्यासाठी दोन पानांचं टिपण लिहावं. कुठली मिसल का अडकली, गावात कुणाचा शब्द चालतो, कुठल्या नकाशावर विश्वास ठेवू नये. वरिष्ठांनी हसून मान डोलावली आणि त्याचा एक छापील फॉर्म काढला. त्यात फर्निचरची यादी होती.

दुसरी कुऱ्हाड धरणीची. २०१७मध्ये तेलंगणात नोंदी अद्ययावत करण्याची घाईघाईची मोहीम झाली. तक्रारी तुंबल्या. नोव्हेंबर २०१९मध्ये अब्दुल्लापूरमेटच्या महिला तहसीलदाराला कचेरीतच जाळून मारलं. सप्टेंबर २०२०मध्ये ग्राम महसूल अधिकाऱ्यांचं पदच रद्द झालं, २९ ऑक्टोबरला 'धरणी' पोर्टल सुरू. नोंदणी आणि फेरफार एका बैठकीत, हे काम खरोखर चोख. पण खासरा पहाणी पाहिलेल्या माणसाला तो पडदा पाहून धक्का बसावा. १९५४-५५ची खासरा पहाणी आमच्याकडचा पायाचा कागद, मराठवाड्यातल्या वकिलांनाही खासरा पत्रक सांगायला नको. सर्व्हे नंबर, क्षेत्र, पट्टेदार कोण, आणि निराळ्या रकान्यात प्रत्यक्ष कब्जा कुणाचा. कूळ, साध्या कागदावर जमीन घेतलेला गरीब, देशमुखाच्या नावावरची जमीन कसणारा, सगळे त्या दुसऱ्या रकान्यात राहत. धरणीच्या पडद्यावर तो रकाना नव्हता. ज्याच्या नावे पट्टा तोच धनी. रकाना काढताना बैठकीत कुणी टेबल आपटलं असेल असं वाटत नाही. 'स्क्रीन सुटसुटीत दिसतो' असं कुणीतरी म्हणालं असेल. वादाच्या जमिनी भाग-ब मध्ये ढकलल्या आणि चूक झाली तर गावात विचारायला कुणी उरलं नाही.

शिधापत्रिकांचंही तसंच. तेलंगणात लाखोंनी रद्द केलेल्या पत्रिकांची प्रत्यक्ष घरी जाऊन फेरतपासणी करा, असं २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. माझे डॅशबोर्डवाले मित्र याला 'डेटाची गुणवत्ता' म्हणतात. चौकशीला घरी माणूस गेला नव्हता, असं साध्या मराठीत म्हणायला त्यांना संकोच वाटतो.

हैदराबादची मराठी मंडळी यात काय करत होती? १९३१मध्ये साहित्य संमेलन इथे भरलं तेव्हा अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. एकहाती चिकाटीने ज्ञानकोश उभा करणारा माणूस आमच्या शहरात व्यासपीठावर होता. आज इथल्या मराठी घरातली हुशार मुलं गच्चीबावलीत परदेशी बँकांच्या नोंदी सांभाळतात. मोडी शिकवायला बसलो तर समोर निवृत्त लोक येतात, तेही मधुमेहाच्या वेळा सांभाळून.

आता १४ एप्रिल २०२५पासून धरणीच्या जागी भू-भारती आली आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पाच हजारांवर ग्राम पालन अधिकाऱ्यांना नेमणूकपत्रं दिली. त्यांत २०२०मध्ये उठवलेली जुनी माणसं बरीच आहेत. म्हणजे सरकारने पाच वर्षांनी त्यांना परत बोलावलं. त्यांच्या प्रशिक्षणाला कुणी मला बोलावणार नाही, म्हणून इथेच लिहितो. पहिलं वर्ष त्यांना पोर्टल शिकवू नका. एकेका गावची खासरा पहाणी हातात द्या, बांधावर पाठवा आणि दुसरा रकाना भरून आणायला सांगा. पेन्सिलीने. पहिल्या फेरीत निम्मं खोडावं लागणार आहे.